निशिकांतसाठी धरलेले टेबल

प्रबोध करंदीकर यांचे चरित्र कुणी लिहायला घेतले, तर त्यात घटना फार थोड्या सापडतील. त्यांनी लग्न केले नाही, मोटार घेतली नाही, अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही वरिष्ठांच्या दारात उभे राहून बढती मागितली नाही. १९९५ साली ते पुण्याहून सिंगापूरला आले, रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत कागदपत्रे तपासण्याच्या विभागात रुजू झाले, आणि साठी उलटल्यावर त्याच विभागातून, जवळजवळ त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. मधल्या काळात पासिर रिसला दोन बेडरूमचा सरकारी फ्लॅट घेतला. आई काही वर्षे तिथे येऊन राहिली आणि तिथेच शांतपणे गेली. तिची खोली त्यानंतर रिकामीच आहे.

परंतु एक कर्म त्यांनी या अठ्ठावीस वर्षांत व्रतासारखे केले. ते म्हणजे दुसऱ्यांसाठी जागा धरण्याचे.

बारा वाजायला पंधरा मिनिटे असताना प्रबोध लिफ्टने खाली उतरत आणि रस्ता ओलांडून समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या ठेल्यांच्या आवारात, शिरत. बाराच्या ठोक्याला त्या छपराखाली मुंगीला पाय ठेवायला जागा उरत नाही, हे जाणून ते आधीच एक चौघांचे टेबल हेरत आणि खिशातले टिश्यू पेपरचे छोटे पाकीट त्यावर ठेवून देत. सिंगापुरात याला ‘चोप’ करणे म्हणतात. ज्या टेबलावर असे पाकीट पडले आहे ते टेबल घेतले गेले आहे, हा तिथला अलिखित कायदा आहे; बँकेचा मोठा साहेबसुद्धा तो मोडत नाही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल फेकून जागा धरणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला ही विद्या नव्याने शिकावी लागली नाही. फक्त रुमालावरून जी हमरीतुमरी गावाकडे होते ती इथे होत नाही, याचे प्रबोधना प्रथम नवल वाटले आणि पुढे अपार कौतुक. कागदाच्या चार घड्यांवर सगळे शहर विश्वास ठेवते, ही गोष्ट त्यांना एखाद्या यज्ञविधीइतकी पवित्र वाटे.

याच विद्येमुळे त्यांना मित्र मिळाला. सत्त्याण्णव सालच्या एका दुपारी, हातात ट्रे घेतलेले एक नवे जोडपे त्या गर्दीत गोंधळून उभे होते. बाईंच्या ट्रेमध्ये नुसता पांढरा भात आणि काकडी होती. त्या हळूच म्हणाल्या, “यात मासा नसेल ना हो?” मराठी कानावर पडताच प्रबोधनी आपले पाकीट उचलून खिशात घातले आणि म्हणाले, “बसा. ही जागा तुमचीच.” ते निशिकांत बोडस आणि स्मिता. निशिकांत पुण्याहून कॉम्प्युटरच्या कंपनीत आले होते, कचेरी दोन इमारती पलीकडे. त्या दिवसापासून रोजचे टेबल दोघांचे झाले. प्रबोध आधी जात, निशिकांत मागून येत, आणि आल्या आल्या ठरलेले वाक्य टाकत, “प्रब्या, तू नसतास तर मी उभ्यानं जेवून मेलो असतो.”

निशिकांत पुढे मॅनेजर झाले, बुकित तिमाहच्या कॉन्डोत, म्हणजे मोठ्या खाजगी फ्लॅटमध्ये, राहायला गेले. त्यांची मुलगी श्रिया तिथे वाढली, शिकली, आणि नोकरीसाठी डेन्मार्कला गेली. दोन वर्षांपूर्वी स्मितावहिनी अवघ्या सहा आठवड्यांच्या आजाराने निवर्तल्या. निशिकांतही निवृत्त झाले होते. मोठ्या घरात एकटा माणूस आणि तीन एअरकंडिशनर, असे ते स्वतःच म्हणत. मग पुण्याहून धाकट्या भावाचा, अभयचा, फोन येऊ लागला. “दादा, आता तिथं काय ठेवलंय? इकडे ये. तुझ्यासाठी खोली करतो.” सगळ्यांनाच ते पटले. तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना पटले, कॉन्डोच्या शेजाऱ्यांना पटले. आणि प्रबोधनी, जसे त्यांनी जन्मभर केले तसे, कामाला हात लावला. पुठ्ठ्याचे खोके आणले. चौतीस कलमांची यादी केली. कायम निवासाचा परवाना, ज्याला तिथे सगळेच पी.आर. म्हणतात, तो परत करण्याचा अर्ज भरून ठेवला आणि कचेरीतली सोमवारची सकाळी दहाची वेळही घेऊन टाकली. तो परवाना एकदा हातून गेला की या वयात पुन्हा मिळणे दुरापास्त, हे दोघांनाही ठाऊक होते.

त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात श्रियाने दोघांना कोपनहेगनला बोलावून घेतले. “जाण्याआधी इकडे या. बाबा एकटे नको, काकाला पण आणा.” त्या तेरा तासांच्या विमानप्रवासात, शेजारी निशिकांत घोरत असताना, प्रबोधना प्रथमच स्वच्छ दिसले की चौतीस कलमांची ती यादी पुरी झाल्यावर आपल्या वाट्याला काय उरणार आहे. उरणार होता पासिर रिसचा फ्लॅट, आईची रिकामी खोली, आणि जेवताना समोर भिंत. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवले की पहिल्याच दिवशी, सोमवार उजाडण्याच्या पुष्कळ आधी, निशिकांतला स्पष्ट सांगायचे: जाऊ नकोस. दोन अक्षरी आणि तीन अक्षरी, दोनच शब्द. पण कुणाकडे स्वतःसाठी काही मागण्याची सवय त्या जिभेला नव्हती.

सकाळी कामावर निघताना श्रियाने दोघांना दारात उभे करून सूचना दिल्या. तिचे मराठी घरचे, आणि बाकी सगळे सिंगापूरचे.

“बाबा, सायकल लेनमध्ये चालायचं नाही हं. सिरियस्ली. हे लोक ओरडतात.”

“अगं, आम्ही काय लहान आहोत?”

“यू आर वर्स, लाह. काका, तुम्ही बाबांकडे लक्ष द्या. आणि पाचला मी फोन करीन, तेव्हा मला सांगायचं काय काय बघितलं. लिस्ट पाहिजे.”

“लिस्ट काकाकडे असतेच,” निशिकांत म्हणाले. प्रबोध हसले, पण ते हसणे त्यांना आत कुठेतरी टोचले.

जूनची सकाळ होती. ऊन असे कोवळे, की सिंगापूरच्या माणसाला ते ऊन आहे हे सांगावे लागावे. मेट्रोत चालक नव्हता, तेव्हा दोघेही पहिल्या डब्यात जाऊन काचेपाशी उभे राहिले आणि सिंगापूरच्या एमआरटीशी त्या गाडीची तुलना करू लागले. आपली जास्त स्वच्छ, यावर एकमत झाले. रस्त्यावर येताच निशिकांतनी उजवीकडचा एक सोनेरी कळस पाहण्यासाठी मान वर केली आणि सरळ सायकलींच्या मार्गात उतरले. घंटांचा एकच कल्लोळ झाला. प्रबोधनी त्यांना कोपराला धरून मागे खेचले.

“शिकवलं होतं ना पोरीनं?”

“कळस बघत होतो. कळसाकडे बघताना खाली बघता येत नाही.”

“मग कळस घरी जाऊन फोटोत बघ.”

“तू आहेस ना धरायला,” निशिकांत सहज बोलून गेले आणि पुढे चालू लागले. प्रबोधना वाटले, हाच तो क्षण. पण रस्ता ओलांडायचा होता, सिग्नल हिरवा झाला होता, आणि हिरवा सिग्नल वाया घालवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

मग ते गोल बुरुजापाशी आले. चारशे वर्षांपूर्वी एका राजाने तारे पाहण्यासाठी बांधलेली ती वास्तू. तिला जवळजवळ वरपर्यंत पायऱ्याच नाहीत. विटांची रुंद, घोटीव वाट पांढऱ्या भिंतींमधून शंखाच्या अंतर्भागासारखी वळत वळत वर जाते. कुणी एक परदेशी सम्राट घोड्यावर बसून वर गेला होता म्हणे. गुडघ्यांचे वय झालेल्या माणसांवर त्या राजाने केवढे उपकार करून ठेवले आहेत, असे प्रबोधच्या मनात आले, आणि एका खोल खिडकीच्या कोनाड्यात त्यांनी क्षणभर हात टेकला, देवळाच्या उंबऱ्याला टेकावा तसा. प्रत्येक वळणावर ऊन निराळ्या कोनातून आत येत होते. पुढे निशिकांत, मागे प्रबोध. पाठमोऱ्या मित्राचे खांदे या दोन वर्षांत किती उतरले आहेत, हे त्यांना त्या चढावर दिसले.

माथ्यावर वारा होता. खाली तांबड्या कौलांचा समुद्र, त्यातून वर आलेले हिरवट मनोरे, आणि दूर खऱ्या समुद्रात उभ्या पवनचक्क्या, पांढऱ्या, सावकाश फिरणाऱ्या. निशिकांत कठड्याला रेलले. मग म्हणाले,

“स्मिताला हे आवडलं असतं. पण वर येईपर्यंत दहा वेळा म्हणाली असती, अहो किती राहिलं.”

“आणि वर आल्यावर म्हणाली असती, एवढ्यात आलो?”

दोघेही हसले. प्रबोध जवळ सरकले. “निश्या, मला तुझ्याशी एक बोलायचं होतं.”

“बोल की.”

शेजारी एक शाळेची सहल आली. पंधरावीस मुले कठड्याला बिलगली आणि त्यांच्या किलबिलाटात काही ऐकू येईना. प्रबोधना तेवढेही निमित्त पुरले. “काही नाही,” ते म्हणाले, “यादीतलं सव्विसावं कलम राहिलंय. तुझा चष्म्याचा नंबर. पुण्याला जायच्या आधी सिंगापूरलाच नवा करून घे.”

निशिकांतनी त्यांच्याकडे पाहिले. ते पाहणे थोडे लांबले. “हो,” ते म्हणाले. “तुझी यादी म्हणजे यमाची वही झालीय.” आणि ते उतरू लागले.

उतरताना प्रबोध स्वतःला दोष देत होते. चष्म्याचा नंबर! एवढा चढ चढून, एवढ्या विशाल आकाशाखाली उभे राहून, तोंडातून निघाले ते चष्म्याचा नंबर!

दुपार झाली होती. जवळच काचेच्या दोन लांबलचक मंडया आहेत, आत भाजीपासून फुलांपर्यंत सगळी दुकाने आणि बाहेर मोकळ्यात लाकडी टेबले व बाके. श्रियाने सांगितलेच होते की तिथे शाकाहारी मिळेल. पाऊणचा सुमार, गर्दी मनस्वी. हातात बशा घेऊन उभी असलेली माणसे पाहताच प्रबोधचे पाय आपसूक पुढे धावले. अठ्ठावीस वर्षांची सवय ती. एका कुटुंबाने नुकतेच सोडलेले, झाडाच्या सावलीतले, चौघांचे टेबल त्यांनी हेरले, खिशातून टिश्यूचे पाकीट काढले, बाकाच्या ज्या बाजूला ऊन लागणार नव्हते तिथे टेबलाच्या कडेशी नीट, काटकोनात ठेवले, आणि निःशंकपणे मित्राला म्हणाले, “चल, आता सावकाश घे काय घ्यायचं ते.”

वीस मिनिटे रांगेत गेली. काळसर पावाच्या कापावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, वर कांदा आणि मोहरीचे काहीतरी.

“पाव नसता तर उपासाला चाललं असतं,” निशिकांत म्हणाले.

“कांदा?”

“कांदा काढून.”

ट्रे सांभाळत दोघे टेबलापाशी आले. तिथे दोन वृद्ध बायका बसल्या होत्या. सत्तरी पार केलेल्या, चेहऱ्यावरून बहिणी वाटणाऱ्या, दोघींचे केस चांदीसारखे, एकीच्या गळ्यात निळी माळ. त्यांच्यापुढे सूप होते, आणि टिश्यूचे पाकीट उघडलेले होते. निळ्या माळेच्या बाईंनी त्यातला एक टिश्यू काढून टेबलावर सांडलेले पुसले होते आणि चुरगळलेला बोळा बशीच्या कडेला ठेवला होता.

प्रबोध त्या बोळ्याकडे पाहत राहिले. एखाद्या श्रद्धावंताने देवघरात यावे आणि तिथे कुणी पाय पसरून बसलेले दिसावे, तसे त्यांचे झाले.

“एक्स्क्यूज मी,” ते इंग्रजीत म्हणाले. “ही जागा घेतलेली आहे.”

“असं?” बाईंनी इकडेतिकडे पाहिले. “कुणी?”

“मी. ते पाकीट ठेवलं होतं.”

“हे?” बाईंनी पाकीट उचलले. “आम्हाला वाटलं कुणी तरी विसरलं. फार चांगले टिश्यू आहेत हो, मऊ.”

“प्रब्या, जाऊ दे,” निशिकांत मराठीत म्हणाले. “दुसरीकडे बसू.”

“नाही.”

“अरे, त्यांना काय माहीत आपला नियम?”

“नाही, निश्या.” आणि मग प्रबोधचा आवाज चढला. जो आवाज अठ्ठावीस वर्षांत कचेरीत चढला नव्हता, मंडळाच्या सभेत चढला नव्हता, तो कोपनहेगनच्या भर बाजारात दोन निरपराध म्हाताऱ्यांवर चढला. “ही माझ्या मित्राची जागा आहे! मी ती त्याच्यासाठी धरली होती. त्याच्यासाठी! तुम्ही ती अशी घेऊ शकत नाही!” हातातला ट्रे कलला होता आणि बटाट्याची एक चकती घसरून बाकावर पडली होती. आजूबाजूची दहा तोंडे वळली.

बायका मात्र रागावल्या नाहीत. निळ्या माळेच्या बाईंनी त्या कललेल्या ट्रेकडे पाहिले, मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे, आणि आपल्या बहिणीला डॅनिश भाषेत काही म्हणून दोघीही बाकाच्या एका टोकाला सरकल्या. “या,” त्या म्हणाल्या. “इकडे चौघांना भरपूर जागा आहे. तुमच्या मित्राला सावलीत बसवा.”

प्रबोध बसले. कान तापलेले, मान खाली. त्यांना धरणीने पोटात घ्यावे असे वाटत होते. “मला क्षमा करा,” ते पुटपुटले. मग निशिकांतनीच त्या बायकांना समजावून सांगितले, की आम्ही सिंगापूरचे. आमच्याकडे टेबलावर कागद ठेवला की जागा राखली जाते, कुणी हात लावत नाही.

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही. मोबाइल ठेवला तरी जागेवर असतो.”

बहिणीने मान हलवली. तिने चमच्याने पलीकडचे कॉफीचे दुकान दाखवले. दुकानाबाहेर भिंतीशी दोन बाबागाड्या उभ्या होत्या, आत झोपलेली बाळे, आणि आया काचेपलीकडे निवांत गप्पा मारत बसलेल्या. “आम्ही बाळं बाहेर ठेवतो,” ती म्हणाली. “पण जागा नाही ठेवत. जागा म्हणजे, जो बसला त्याची.”

“बाळं बाहेर?” निशिकांत ओरडलेच. “आणि कुणी उचलून नेलं तर?”

“दुसऱ्याचं बाळ कोण नेईल? आपलीच पुरतात.”

निशिकांत मोठ्याने हसले, दोघी बहिणी हसल्या, आणि प्रबोधच्याही ओठांचा कोपरा किंचित हलला. निरोप घेताना निळ्या माळेच्या बाईंनी उरलेले पाकीट त्यांच्या हातात परत दिले नाही. “हे मी ठेवते,” म्हणून सरळ पर्समध्ये टाकले आणि निघून गेल्या.

दोघेच उरले. निशिकांतनी बराच वेळ पावाचा तुकडा नुसता फिरवला.

“मघाशी काय झालं तुला?”

“चूक झाली. परक्या देशात शोभा केली.”

“शोभेचं सोड. तुला आवाज आहे हे मला आज कळलं. टेबलासाठी कुणी असं ओरडत नाही, प्रब्या. काय आहे?”

आता शाळेची मुले नव्हती. हिरवा सिग्नल नव्हता. प्रबोधनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मान वर न करता म्हणाले, “जाऊ नकोस.”

“कुठं?”

“पुण्याला. सोमवारी सही करू नकोस. मला... मला करमणार नाही. मला जेवताना समोर कुणीतरी लागतं. कुणीतरी म्हणजे तू.”

प्रबोधनी अपेक्षिली होती ती माया निशिकांतच्या स्वरात नव्हती. होता तो संताप.

“आणि हे तू आत्ता सांगतोस? खोके कुणी आणले रे?”

“मी.”

“यादी कुणी केली? चौतीस कलमं! भांडी कुणाला द्यायची, पासपोर्टच्या झेरॉक्स किती काढायच्या! सोमवारची वेळ कुणी घेतली?”

“मीच. तुला जायचं होतं म्हणून.”

“मला जायचंय का, हे एका माणसानं विचारलं नाही मला. सगळ्यांनी विचारलं, कधी जायचंय. अभय विचारतो, कधी. शेजारी विचारतात, कधी. मला वाटलं, निदान हा गाढव तरी म्हणेल, थांब. तर हा गाढव दुसऱ्याच दिवशी खोके घेऊन दारात! तेही कसे, तर नीट घड्या घातलेले, वर सेलोटेप!” निशिकांतचा श्वास लागला होता. “त्या दिवशी मी समजलो, याला पण मी जड झालोय.”

“जड?” प्रबोध हादरून म्हणाले. “तू?”

“मग काय समजू? स्मिता गेल्यावर तुझ्याकडे रोज रडत होतो.”

जन्मभर प्रबोधनी दुसऱ्याची गरज ओळखून, ती बोलली जाण्याच्या आधी पुरवण्यात प्रेम मानले होते. त्या प्रेमाचा अर्थ समोरच्याने असा लावला असेल, ही शंकासुद्धा त्या निर्मळ मनाला कधी शिवली नव्हती. डोळे भरून आले. त्यांनी सवयीने टिश्यूसाठी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. निशिकांतनी आपला रुमाल पुढे केला, धुतलेला नव्हता तरी.

“सांगायला येत नाही मला,” प्रबोध म्हणाले. “करायला येतं. आईसुद्धा म्हणायची.”

“आई बरोबर म्हणायची.”

“आईची खोली रिकामी आहे. तो कॉन्डो नको तर नको. तिथं एवढ्या मोठ्या घरात तू एकटा... पासिर रिसला ये. खोलीतून समुद्र दिसतो. म्हणजे, दोन इमारतींच्या मधून दिसतो.”

“तुझ्याकडे?” निशिकांतनी भुवया उंचावल्या. “तू सकाळी साडेपाचला मिक्सर लावतोस. स्मिता सांगायची, एकदा तुझ्याकडे राहिलो तेव्हा तिला वाटलं विमान उतरतंय.”

“चटणी ताजी लागते.”

“सातला ताजी कर.”

“साडेसहा.”

“सात, प्रब्या.”

“बरं, सात.”

निशिकांतनी तोंड फिरवले आणि ते बाबागाड्यांकडे पाहत राहिले. एक आई बाहेर येऊन बाळाचे पांघरूण सारखे करून पुन्हा आत गेली. मग ते उठले. “इथं फार गोंगाट आहे. चल.”

मंडईपासून थोडे चालले की शहराच्या मध्यातच लांब, शांत तळी लागतात. काठाकाठाने चेस्टनटची झाडे, पाण्यावर हंस. एका बाकापाशी येऊन निशिकांतनी फोन काढला. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले असतील. प्रबोध शिष्टाचार म्हणून पाच पावले दूर सरकले, पण ऐकू न येईल इतके दूर जाण्याचा धीर त्यांना झाला नाही.

“अभय? हं, मी दादा. हो हो, पोहोचलो कालच. ऐक. मी ऑगस्टमध्ये येतोय, ते पक्कं आहे... अरे, ऐकून तर घे. पण महिनाभरच. परतीचं तिकीट काढून येतोय... नाही, कुणी काही बोललं नाही. उलट, आज बोललं... खोली रंगवली? आता रंगवलीस तर रंगवलीस. तुझं सामान ठेव तिथं... नाही रे, रागावू नकोस. तुझ्याकडे यायला मला नेहमीच आवडेल. पण येणं आणि निघून येणं यात फरक आहे. सिंगापूर सोडत नाही मी.” पलीकडून अभय बराच वेळ बोलत होता. निशिकांत ऐकत होते, मधूनच ‘हो’ म्हणत होते, आणि शेवटी म्हणाले, “मला माहीत आहे रे. तूच एकटा आहेस मला बोलावणारा. म्हणून तर येतोय महिनाभर.”

फोन ठेवून ते बाकावर बसले. भावाला दुखावल्याचे शल्य त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते, आणि ते लपवण्याचा त्यांनी यत्न केला नाही. प्रबोध शेजारी येऊन बसले. आनंद व्यक्त करावा की सांत्वन करावे, हे त्यांना कळेना. आणि कदाचित प्रथमच त्यांनी लगेच काही करायला घेतले नाही. सोमवारची वेळ रद्द करायला हवी, हे मनात आले, तरी फोनला हात लावला नाही. दोघे पाण्याकडे पाहत बसले. एक हंस काठाशी येऊन, यांच्याकडे खायला काही नाही असे पाहून, उपेक्षेने वळला.

“एवढ्या मोठ्या शहरात आलो,” निशिकांत काही वेळाने म्हणाले, “आणि बघितलं काय, तर एक बुरूज.”

“उद्या आहे ना.”

“उद्या मी कळस बघणार. सायकलवाल्यांना सांगून ठेव.”

पाचला, शब्द दिल्याप्रमाणे, श्रियाचा फोन आला. निशिकांतनी तो मोठ्या आवाजावर लावला.

“बाबा! लिस्ट?”

“एक गोल बुरूज. काळ्या पावावर बटाटा. आणि तुझ्या काकानं भर बाजारात दोन म्हाताऱ्यांशी भांडण केलं.”

“काकानं?” पलीकडे ती खळखळून हसली. “नो लाह! बाबा, उगाच थापा नका मारू. प्रबोधकाका आणि भांडण? इम्पॉसिबल.”

निशिकांतनी फोन प्रबोधच्या पुढे धरला. प्रबोध जरा पुढे वाकले.

“केलं गं,” ते म्हणाले. “चांगलं मोठ्यानं केलं.”